बांधावरची हाक

बाळाराम,

तुझ्या मयतीला भजनी मंडळाने दुसऱ्याच कडव्याला चाल सोडली आणि तू उठून त्यांना शिव्या घातल्या नाहीस, तेव्हा कुठे माझी खात्री पटली की तू गेलास. तसं तुला ऐकू आलं नसतंच म्हणा. कित्येक वर्षं तुझे कान नुसते शोभेचे होते. तरी चाल चुकली की तुझी मान वर व्हायची. खांदा द्यायला मी पुढे झालो तर तुझा पुतण्या म्हणाला, "हसनचाचा, तुमची कंबर धरते ना, राहू द्या." मी म्हटलं, ही कंबर याच्याच नाटकाला पेटी वाहून मोडलीय, आता याला एकदा उचलू दे. स्मशानाच्या वळणापर्यंत मी तुला नेलं. तू जड होतास. दम्याने तुझी हाडं उरली होती, तरी जड होतास.

दुसऱ्या दिवशी एका पेपरवाल्याचा फोन आला. त्याला तुझी जन्मतारीख हवी होती, ती मला ठाऊक नव्हती. मग त्याने विचारलं, "तुमच्या त्या 'संगीत बांधकरी'त असं आहे तरी काय? तीच माणसं तेच नाटक पिढ्यान्‌पिढ्या बघतात, कंटाळत कशी नाहीत?" मी त्याला म्हटलं, या एकदा बघायला. फोन ठेवला आणि मग मला सगळी उत्तरं सुचायला लागली. ती तुलाच सांगतो. तू मध्ये मध्ये मला खोटं पाडशील या आशेने सांगतो.

आपल्या बापांच्याही आधी मिठागरावर कामाला असलेल्या एका कारकुनाने हे नाटक लिहिलं. गोष्ट म्हटली तर टीचभर. खाडीच्या बांधावर राखण करणारा एक बांधकरी. गाव त्याला वेडा म्हणतं, भाऊ त्याच्याशी बोलत नाही, बायको माहेरी गेलेली. उधाणाच्या दिवशी बांध फुटतो. भगदाडात तो स्वतः उभा राहतो आणि गावाला हाका मारतो: उठा, पोरं उचला, वर चला. एक एक आळी घेऊन तो हाक मारतो. सगळं गाव वर येतं आणि बांधकरी जातो. बस. मधल्या पदांना धड अर्थ नाही, दुसऱ्या अंकातला विनोद तर आपल्या आजोबांनाही शिळा वाटला असेल. लोक तीन अंक बसतात ते त्या शेवटच्या गाण्यासाठी.

कारण त्या गाण्यातल्या आळ्या नाटकातल्या नाहीत, आपल्या आहेत. पाटीलआळी, कोळीवाडा, खालचा मोहल्ला, खारआळी. बांधकऱ्याने नाव घेतलं की त्या आळीचे लोक मंडपात उभे राहतात, "आलो रं!" म्हणून ओरडतात आणि खाली बसतात. मग पुढचं नाव. पहिल्यांदा हे कुणी सुरू केलं ते कुणालाच माहीत नाही. मी लहानपणी आजीच्या मांडीवरून उठून ओरडलोय. आपल्याला हाक मारायला कुणीतरी मरणाच्या दारात उभं आहे, हे बघायला माणसं येतात, बाळाराम. वर्षभर आपल्याला कोण हाक मारतं? मुकादम मारतो.

आणि नाटक शुक्रवारीच, हेही पेपरवाल्याला सांगायला हवं होतं. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, त्यांचा खडखडाट बंद. आठवड्यात तेवढा एकच दिवस आपल्या कामतघर गावात माणसाला माणसाचा आवाज ऐकू येतो. जुम्म्याची नमाज झाली की मी पेटी घेऊन मंडपात यायचो, उन्हं उतरायला लागली की पडदा वर जायचा, आणि शेवटचं गाणं बरोबर दिवेलागणीला यायचं.

तू बांधकरी म्हणून उभा राहायला लागलास आणि तुझं माझं पहिलं मोठं भांडण त्या नावांवरूनच झालं. तुझ्या लूमच्या शेडमागे भय्यांची नवी चाळ उभी राहिली होती. नाटक संपल्यावर तिथला एक कारागीर तुझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, सब को बुलाया, हमारी चाळ को नहीं बुलाया." तू पुढच्या वर्षी त्यांचं नाव घालायचं ठरवलंस. मी चिडलो. म्हटलं, गाणं आहे की रेशनकार्ड? वृत्तात बसत नाही, चालीत बसत नाही, उद्या गोडाऊनवाले येतील, त्यांनाही घालशील.

तू शांतपणे विचारलंस, "त्यांचा घर बांधाच्या आत हाय का न्हाय?"

"आहे."

"पानी आला तं बुडतील का न्हाय?"

"बुडतील."

"मग त्यांना निजलेला ठेवू? वृत्तात बसत न्हाय म्हनून?"

पुढच्या वर्षी तू ते नाव कसंतरी कोंबलंस, ताल गेला, मी पेटीवर कपाळ आपटायचा बाकी राहिलो. आणि मागच्या बाजूने लुंग्या सावरत ती पोरं उठली आणि "आ गये!" म्हणून अशी ओरडली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. माझ्याकडे बघून तू भर भगदाडात डोळा मारलास. बुडणाऱ्या माणसाला शोभतं का ते?

उलटंही होत गेलं. खारआळी गेली. जमिनी विकल्या, तिथे आता पत्र्याची गोडाऊनं आहेत आणि दारात कंटेनर लागलेले असतात. माणसं कुठे कुठे पांगली. मंडळातल्या पोरांनी तुला सांगितलं की ते नाव काढा, उठायला कुणी नाही, उगाच खड्डा पडतो. तू काढलं नाहीस. खारआळीला हाक मारायचास आणि थांबायचास. सगळा मंडप गप्प. मी पेटीवर एक सूर धरून बसायचो. तू बघत राहायचास, मग पुढे जायचास. मला ते थांबणं सोसायचं नाही. नाटकातला तो एवढाच भाग मला खरा वाटायचा.

तुझे कान कधी गेले ते आपल्याला कळलं नाही. लूमच्या गावात असं कळत नाही. शेडमध्ये सगळेच हातांनी बोलतात: धागा तुटला, बॉबिन बदल, चहा आला, मालक आला. ओठ वाचायला तर आपल्याकडची लहान पोरंही शिकतात. माझा डावा कान गेलाय, पण मी पेटी उजवीकडे घेऊन बसतो आणि भागतं. तुझे दोन्ही गेले. पोरीने ठाण्याहून कानाचं मशीन आणून दिलं, ते शिट्टी मारतं म्हणून तू ते फडताळात टाकलंस. मी म्हटलं, नाटकापुरतं तरी घाल. तू म्हणालास, "बांधकरी काय मशीन घालून हुभा ऱ्हानार?"

मग मीच तुझ्यामागे फिरायला लागलो. गाणं काळी दोनच्या सुरात सुरू व्हायचं आणि संपेपर्यंत कुठे पोचेल ते देव जाणे. तू चढलास की पेटी चढायची, तू उतरलास की पेटी उतरायची. तबलजी माझ्याकडे बघायचा, मी त्याला डोळ्यांनी दटावायचो. लोकांना वाटायचं हसनचाचा म्हातारा झाला, त्याचे हात चळतात. वाटू दे. माझा एक समज होता: पेटीचा आवाज थोडा का होईना तुझ्यापर्यंत पोचतो, त्याच्याच आधाराने तू उभा आहेस. या समजावर मी सगळी वर्षं काढली.

आपलं शेवटचं भांडण दिव्यांचं. तुला शेवटच्या गाण्यात मंडपातले सगळे दिवे चालू हवे असायचे. जगात कुठल्या नाटकात असं असतं? मंडळाचा सेक्रेटरी निलेश, तो बिचारा शहरातली नाटकं बघून आलेला पोरगा. त्याला वाटे, मंडप काळोखात बुडवावा, स्टेजवर फक्त तुझा चेहरा, निळा उजेड, पाण्याचा आवाज. मलाही ते पटायचं. मी तुला म्हटलं, "तुला माणसं रडताना बघायची हौस आहे, दुसरं काही नाही." तू खूप वेळ माझ्या तोंडाकडे बघितलंस. मग म्हणालास, "काळोखात मी कुनाला हाक मारू?" मला ते नाटकातलं वाक्य वाटलं. आम्ही हसलो. दिवे दरवर्षी चालूच राहिले, कारण तुझ्या हट्टापुढे कुणाचं चालत नसे.

आणि मग यंदाचा तो शुक्रवार. तो पुन्हा आठवायला नको वाटतं, पण तू तुझ्या बाजूने काय समजून गेलास ते मला आता कळलंय, तेव्हा आमच्या बाजूचंही तुला कळायला हवं.

लूम बंद म्हणून विजेची दुरुस्तीही शुक्रवारीच निघते, हे आपल्याला काय नवीन? दरवर्षी वीजवाले दुपारी काम आटपतात. यंदा कुठेतरी काम लांबलं. तू भगदाडात उतरलास, पहिली ओळ घेतलीस, आणि लाईट गेली. निलेशने जनरेटर लावला, पण त्याच्यावर स्टेज आणि माईकच होता. तुझ्या तोंडावर झगझगीत उजेड आणि समोर मंडप काळाकुट्ट. अगदी निलेशला हवा होता तसा.

तू पाटीलआळीला हाक मारलीस. पाटीलआळी उठली, ओरडली, "आलो रं!" तू थांबून राहिलास. मी पेटीवर पुढची ओळ दिली. तू पुन्हा पाटीलआळीलाच हाक मारलीस. ते पुन्हा ओरडले, या वेळी थोडे हसत. मी ओळ पुन्हा दिली, जोराने दिली, भाता फाटेल इतका ताणला. तू तिसऱ्यांदा पाटीलआळीला हाक मारलीस. आता कुणी हसलं नाही. सगळा मंडप उभा राहिला, सगळ्या आळ्या एकदम, मोहल्ला, चाळ, कोळीवाडा, आणि "आलो, आलो, दादा, आलो" म्हणून गळा फाडून ओरडायला लागला. तुझा हात कपाळावर होता, उन्हात बघतात तसा. तू काळोखात बघत होतास. मग तुझा आवाज बसत गेला आणि तू नुसता उभा राहिलास. पडदा पाडायची खूण मी केली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाळाराम. त्यांना वाटलं, असा बांधकरी आजवर कुणी उभा केला नाही. निलेश रडत होता, म्हणाला, दादांनी आज कमाल केली. मी विंगेत आलो. तू खोक्यावर बसून मिशी काढत होतास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "कुनी उठलाच न्हाय."

मी तुझ्यासमोर जाऊन ओठ हलवून सांगितलं की सगळे उठले होते, लाईट गेली होती. तू मान हलवलीस. तुला कळलं असेल, पण तुझा विश्वास बसला नाही. डोळ्यांनी जे बघितलं नाही त्यावर बहिऱ्याने का विश्वास ठेवावा? घरी जाताना म्हणालास, "आता बास. माज्या मागारी हा खेल नको." मी म्हटलं, बघू. तुझ्याशी वाद टाळायचा असला की मी बघू म्हणतो, हे तुला पाठ होतं.

पुढे तुझी छाती भरली. हॉस्पिटलात नाकातोंडावर मास्क, बोलता येईना. मी कॉटपाशी बसलेलो असताना तू हात वर केलास आणि तळवा आडवा फिरवलास. लूम बंद करायची खूण. मी म्हटलं, शेड बंदच आहे, पोराने कुलूप लावलंय. तू मान नाही म्हणून हलवलीस. मग दोन्ही हातांनी हवेत पेटी वाजवून दाखवलीस आणि पुन्हा तळवा आडवा फिरवलास. नाटक बंद कर. तुला माझं वचन हवं होतं. शेडमध्ये अशी खूण मिळाली की आपणही तळवा फिरवून "कळलं" म्हणतो. माझे हात मांडीवर होते. ते मी उचलले नाहीत. तू बघत होतास, आणि मी खिडकीकडे बघितलं. त्यानंतर तू शुद्धीवर आला नाहीस.

बाराव्याला वहिनी चहा घेऊन माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? त्या दिवशी दिवं कुनी मालवलं?"

मी सांगितलं, कुणी नाही, लाईन गेली.

"त्यांना वाटला तुम्ही सगल्यांनी मिलून मालवलं. नवीन पद्धत म्हनून."

मी म्हटलं, "वहिनी, दिवे नसले म्हणून काय झालं? गाणं तर त्याला पाठ होतं. आणि माझी पेटी होती की."

वहिनींनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं. "पेटी त्यांना कवापासून आयकू येत नव्हती, भावजी. सोताचा आवाजपन न्हाय. मना सांगायचं, हसन्याला बोलू नको, त्याला वाईट वाटंल. मानसं उठली का समजायचं हाक पोचली. बसली का समजायचं फुडची घ्यायची. तोंडं उघडलेली दिसली का ताल समजायचा. मानसं बघूनच गायचं ते."

म्हणजे इतकी वर्षं मी कुणासाठी वाजवत होतो? तुझ्यामागे वर-खाली धावणारी माझी पेटी, कंबर, बोटं, सगळं फुकट. मला तुझा राग आला. तिथे तुझ्या फोटोला हार घातलेला, आणि मी तुझ्यावर रागावून चहा गार करत बसलो होतो. आणि त्याच वेळी माझ्या मनात त्या काळोखातली तुझी मान फिरत होती, पाटीलआळीला शोधणारी. तू गाणं विसरला नव्हतास. पुढे जायला तुला माणसं हवी होती, आणि ती उभी असताना तुला दिसली नाहीत. हे समजून तू मेलास की तुझ्या हाकेला गाव आलं नाही. याहून वाईट मरण मला तरी ठाऊक नाही. मी रडलो. वहिनींनी पाणी आणून दिलं.

मी उठणार तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मला हाक मारली. खारआळीची जनाबाय. मी ओळखलं नाही, तिने नाव सांगितलं. घर गेल्यावर ती पोरीकडे अंबाडीला राहायला गेली. तुझी बातमी कळली म्हणून नातवाच्या टेंपोत बसून आली होती. म्हणाली, "नाटकाला मी यंदा आलेलू. पायांनी चालवत न्हाय म्हनून आधी कवा जमला न्हाय. यंदा पोरीला बोललू, मना ने, माज्या आलीची हाक आयकायची हाय. काळोखात हुभी ऱ्हायली. पाय भरून आलं तरी बसली न्हाय. पडदाच पडला." मग तिने मला विचारलं, "फुडल्या वर्साला तरी घेनार ना नाव?"

तू तिथे असतास तर तू काय खूण केली असतीस?

काल मंडळाची बैठक झाली. मी तुझी इच्छा सांगितली, लपवली नाही. काहीजण म्हणाले, दादांचा शब्द, बंद करू. निलेश म्हणाला, बंद नको, मोबाईलमध्ये दादांचं रेकॉर्डिंग आहे, शेवटच्या गाण्याला तेच लावू, रिकाम्या भगदाडावर उजेड टाकू. सगळ्यांना ते फार आवडलं. मी निलेशला म्हटलं, रेकॉर्ड थांबत नाही. खारआळीची म्हातारी गुडघे धरून उठेपर्यंत ते मशीन पुढच्या दोन आळ्या घेऊन मोकळं होईल. मग एकाने विचारलं, "तर मग गाणार कोण?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज कसा आहे ते तू चारचौघांत पुष्कळदा सांगितलं आहेस, त्यात मी भर घालत नाही.

पण मी हो म्हटलं. तुझ्या मनाविरुद्ध म्हटलं. तू बंद कर म्हणालास ते गाव उठलं नाही असं समजून, आणि गाव उठलं होतं. मी तिथे होतो, माझ्या एका कानाने ते ऐकलंय. तुझ्याशी इतक्या वर्षांत जिंकलेला हा माझा पहिला वाद, आणि मला तो असा जिंकायचा नव्हता.

एक अडचण आहे. बांधकरी ज्या आळीचा असेल तिचं नाव गाण्यात घेत नाहीत, कारण तो स्वतः बांधावर उभा असतो. हा आपला जुना नियम. तू उभा राहायला लागलास तेव्हापासून तुमच्या तळ्याच्या आळीला कुणी हाक मारली नव्हती. आता मी उभा राहणार, म्हणजे माझ्या मोहल्ल्याचं नाव गळणार आणि तुझ्या आळीचं परत येणार. काल मी घरी पेटी काढून ते गाणं म्हणून बघितलं. पाटीलआळी झाली, कोळीवाडा झाला, खारआळी झाली. मग तळ्याच्या आळीला हाक मारली आणि माझी बोटं तिथेच राहिली. तुझे लोक उठतील, वहिनी उठतील, ओरडतील, बसतील. त्यानंतरही मी बघत राहणार, हे मला माझं ठाऊक आहे. किती वेळ थांबून पुढची आळी घ्यायची, बाळाराम?

हसन